स्लॅबचा ताप

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, कॅनडात असलेली घरे आता सोलापुरात नवलाची राहिलेली नाहीत. गड्ड्याची यात्रा चुकवून ऐन हिवाळ्यात तिकडे जाऊन आलेले आईवडील परतल्यावर ज्या गोष्टी सांगतात, त्यांत एखादी तापणाऱ्या अंगणाचीही असते. गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची काँक्रीटची वाट, ज्याला तिकडे ड्राइव्ह-वे म्हणतात, काही घरांत आतून गरम केलेली असते. शेजाऱ्याच्या दारात गुडघाभर बर्फ आणि या दारात नुसते ओले काँक्रीट.

हा केवळ श्रीमंती थाट नाही. रात्री पडलेला बर्फ सकाळी फावड्याने ओढायचा, हे काम तिकडच्या डॉक्टरांच्या चांगलेच ओळखीचे आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या, रक्तदाब चढलेला आणि एरवी व्यायामाशी संबंध नसलेला पन्नाशीचा माणूस अचानक जड ओला बर्फ उचलू लागतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोराच्या हिमवृष्टीनंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि त्यातले मृत्यू वाढलेले त्यात दिसले. निसरड्यावर पडून खुब्याचे हाड मोडणारे म्हातारे वेगळेच. म्हणून ज्यांना परवडते ते अंगणच तापवतात.

व्यवस्था तशी साधी आहे. काँक्रीटच्या पोटात तापणाऱ्या विजेच्या केबली किंवा प्लास्टिकच्या नळ्या पसरलेल्या असतात. नळ्यांतून बॉयलरवर तापवलेले, गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेले पाणी फिरते. नवे काँक्रीट ओतताना हे करणे सोपे. अंगण आधीच झालेले असेल तर मात्र सगळे काँक्रीट फोडावे लागते, नाहीतर करवतीने त्यात चरे पाडून केबल बसवून ते पुन्हा बुजवावे लागतात. वीज लागते ती दर चौरस मीटरला साधारण ४०० ते ५०० वॅट. पाचशे चौरस फुटांच्या अंगणाला वीसेक किलोवॅट झाले, म्हणजे हजार वॅटच्या वीस शेगड्या एकदम लावल्यासारखे. मिशिगन राज्यातल्या हॉलंड नावाच्या गावाने १९८८ पासून आपल्या बाजारपेठेतले रस्ते आणि पदपथ असे गरम ठेवले आहेत. पण त्यासाठी त्यांनी वीजकेंद्रातून वाया जाणारी उष्णता वापरली, कारण विकत घेऊन एवढी उष्णता रस्त्यावर ओतणे कुणालाच परवडत नाही.

हाच हिशेब सोलापूरच्या गच्चीवर मांडून पाहण्यासारखा आहे. एप्रिल-मे महिन्यांत निरभ्र दुपारी सूर्य दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट उष्णता ओततो. जुना, काळपट पडलेला सिमेंटचा स्लॅब त्यातला दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग शोषून घेतो. म्हणजे ६५० ते ७०० वॅट. बर्फाच्या मुलखातला माणूस काँक्रीट फोडून, केबल घालून आणि महिन्याचे बिल भरून जेवढी उष्णता मिळवतो त्यापेक्षा जास्त सोलापूरच्या स्लॅबला रोज फुकट मिळते, आणि ती कुणालाच नको असते. मे महिन्याच्या दुपारी अनवाणी गच्चीवर वाळवण बघायला गेलेल्या बाईला हे वेगळे सांगायला नको. हवा ४३ अंश असते, तेव्हा उन्हातल्या स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत गेलेला असतो.

खरा त्रास पुढे सुरू होतो. चार-पाच इंच जाडीच्या काँक्रीटमधून ही उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. दुपारी एक-दीडला वर जे ऊन पडले ते छताच्या खालच्या अंगाला संध्याकाळी पोचते. बाहेर सूर्य मावळून वारा सुटलेला असतो, घरात मात्र रात्री नऊ वाजता छताला हात लावला तर ते गरम तव्यासारखे लागते. पंखा सुरू केला की तो छताशी साचलेली तीच हवा खाली ढकलतो. स्लॅब पहाटेपर्यंत निवत राहतो आणि पुरता निवायच्या आत पुन्हा सूर्य वर येतो. सलग आठ-दहा दिवस कडक ऊन पडले की पहिल्या दिवसापेक्षा दहाव्या दिवशी घर जास्त तापलेले का वाटते, त्याचे कारण हे आहे.

ऊन लागते ते उन्हात हिंडल्याने, अशी आपली पक्की समजूत आहे. शेतात, रस्त्याच्या कामावर, हमालीत राबणाऱ्यांच्या बाबतीत ती बरोबरही आहे. त्यांचा उष्माघात तासा-दोन तासांत होतो, बहुतेकदा अंग घामाने निथळत असताना. पण दुसरा एक प्रकार आहे, जो घराबाहेर पाऊलही न टाकलेल्या माणसाला होतो. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह किंवा हृदयाचे दुखणे जुने, अंथरुणाला खिळलेले किंवा फारसे हलता न येणारे. तीन-चार दिवस तापलेल्या खोलीत राहून हळूहळू त्यांचे पाणी कमी होते, झोप उडते, जेवण सुटते. मग एका संध्याकाळी ते असंबद्ध बोलू लागतात किंवा नुसतेच गुंगीत पडून राहतात. घरच्यांना वाटते, वयामुळे भ्रम झाला किंवा मलेरियाचा ताप चढला. अंग कोरडे आणि तापलेले असते. तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे गेलेले आणि शुद्ध बिघडलेली, हे दोन्ही एकत्र दिसले की तो उष्माघात समजायचा. या तापावर पॅरासिटामॉल चालत नाही, कारण हा ताप जंतूंमुळे चढलेला नसतो.

जगात ज्या उष्णतेच्या लाटांचा नीट अभ्यास झाला त्यांत छताचा हा संबंध पुन्हा पुन्हा समोर आला आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागोत आठवडाभरात सातशेहून अधिक माणसे दगावली. नंतर मृतांच्या घरांची तुलना त्याच वस्तीतल्या जिवंत राहिलेल्यांच्या घरांशी केली गेली, तेव्हा इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका कितीतरी अधिक असल्याचे दिसले. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे गेली; तिथेही छताखालच्या खोलीत झोपणारे वृद्ध जास्त बळी पडले.

आपल्या जवळचे उदाहरण अहमदाबादचे आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्या काळात शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. बाळे तापाने फणफणत होती आणि तपासण्यांत जंतुसंसर्ग सापडत नव्हता. पुढे हा विभाग खालच्या मजल्यावर हलवला गेला. नंतरच्या अभ्यासात असे दिसले की, पारा ४२ अंशांच्या वर गेल्यावर प्रत्येक अंशामागे उष्णतेने आजारी पडून दाखल होणारी बाळे ४३ टक्क्यांनी वाढत होती, आणि जागा बदलल्यानंतर हे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झाले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, फक्त डोक्यावरचा स्लॅब दूर गेला. वैद्यकशास्त्रात इतका स्वस्त उपाय इतके फळ देतो असे क्वचितच घडते.

शरीराच्या बाजूने पाहिले तर हे अवघड नाही. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. भिंती, छत त्याहून थंड असतील तोवर शरीर आपली उष्णता त्यांच्याकडे टाकत राहते. छतच ४० अंशांचे झाले की उलटा व्यवहार सुरू होतो. छताची उष्णता अंगात येऊ लागते. मग उरतो तो फक्त घाम. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम झटकन उडून जातो, म्हणून अंग ओले दिसत नाही आणि किती पाणी गेले ते कळत नाही. त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी हृदयाला रात्रभर जादा काम करावे लागते. तरुण माणूस हे सोसतो, सकाळी नुसता चिडचिडा उठतो. कमजोर हृदयाला, अर्धवट चालणाऱ्या मूत्रपिंडाला ते जड जाते. हवामान विभागसुद्धा आता केवळ दिवसाच्या पाऱ्यावर थांबत नाही. दिवसाचे तापमान ४० अंश किंवा अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीच्या साडेचार अंश वर राहिले तर ती ‘उष्ण रात्र’ म्हणून नोंदवली जाते. आणि ती नोंद उघड्यावरच्या तापमापकाची असते, स्लॅबखालच्या खोलीची नव्हे.

सोलापूरकरांना हे पूर्वी ठाऊक नव्हते असे नाही. जिल्ह्यातली जुनी घरे माळवदाची होती. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. एवढ्या मातीतून दुपारचे ऊन खाली पोचेपर्यंत रात्र उलटून जायची आणि तोवर वरची माती निवलेली असायची. उजेडापुरते साणे, जाड भिंती आणि आत गारवा. त्या घरांचे दोषही मोठे होते. माळवद गळायचे, दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागायची, आणि वजन प्रचंड. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे चिरडली गेली. त्या दिवसानंतर या भागात डोक्यावर मातीचे ओझे घेऊन झोपायची कुणाची छाती राहिली नाही, आणि त्यात चूक काहीच नव्हते. खेडोपाडी पत्रे आले, शहरात स्लॅब. भूकंपाची भीती गेली, पण माळवदाबरोबर गारवाही गेला.

पत्रा आणि स्लॅब यांची तऱ्हा मात्र वेगळी आहे, आणि उपाय करण्याआधी ती समजून घ्यायला हवी. पत्रा सकाळी नऊला तापतो आणि दिवस मावळला की तासाभरात निवतो. त्याचा जाच दिवसाचा. पूर्व भागातल्या ज्या बायका दिवसभर घरातच विड्या वळत बसतात त्यांना तो सर्वांत जास्त भोगावा लागतो. पंखा मोठा करावा तर तंबाखूची भुकटी उडते, भिजवलेली पाने वाळून फुटतात. मग पंखा बारीक किंवा बंद ठेवून काम चालते. हजेरी विड्यांच्या संख्येवर, त्यामुळे उठून पाणी प्यायलाही वेळ काढवत नाही. डोकेदुखी, लघवीची जळजळ, चक्कर या तक्रारी घेऊन उन्हाळ्यात दवाखान्यात येणाऱ्या अशा बाईला गोळ्या लिहून देताना तिच्या घरावर काय आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवे. स्लॅबचा जाच याउलट रात्रीचा. दिवसा कामावर असणाऱ्याला तो जाणवत नाही, घरातल्या म्हाताऱ्याला आणि तान्ह्या बाळाला जाणवतो.

बर्फवाल्या गावाशी तुलना इथे आणखी एका कारणाने उपयोगी पडते. तिकडे झालेल्या काँक्रीटमध्ये उष्णता घालायची तर ते फोडावे लागते. आपल्याला उष्णता आत येऊच द्यायची नाही, आणि त्यासाठी झालेल्या स्लॅबला हात लावायची गरज नाही. फक्त वरचा रंग बदलायचा आहे. ताजा पांढरा पृष्ठभाग सूर्याची साधारण ८० टक्के उष्णता परत पाठवतो. मघाचे ७०० वॅट २०० वर येतात.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा जो कृती आराखडा केला, तो दक्षिण आशियातला पहिला मानला जातो. पुढे २०१७ मध्ये त्यात गरीब वस्त्यांतली सुमारे ३,००० छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम आला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक त्याच राज्यात आहेत, तेव्हा ही बातमी इकडे तशी परकी नाही. अशा छतांखाली खोलीचे तापमान २ ते ५ अंशांनी उतरते असा अनुभव सांगितला जातो. दोन अंश ऐकायला थोडे वाटतात. पण ३७ आणि ३९ यांतला फरकही दोनच अंशांचा असतो, आणि त्याला आपण ताप म्हणतो.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. होळी झाली की गच्ची झाडून, घासून, धुऊन घ्यायची. फटी सिमेंटने भरायच्या, कारण फटीवर मारलेला चुना पहिल्या पावसात पापुद्रा होऊन निघतो. आदल्या दिवशी भिजवून गाळलेल्या चुन्यात पांढरा डिंक मिसळून दोन हात द्यायचे, तेही सकाळी दहाच्या आत किंवा ऊन कलल्यावर. तापलेल्या स्लॅबवर चुना धरत नाही, आणि भर दुपारी गच्चीवर ओणवे होऊन ब्रश मारणाऱ्यालाच उष्माघात व्हायचा. हा हात एखाद-दुसरा उन्हाळा टिकतो. पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जाईल हे धरूनच चालायचे. बाजारात मिळणारे उष्णता परतवणारे रंग चार-पाच पट महाग पडतील, पण काही वर्षे चालतात आणि गळतीही थोपवतात. पैसा आणि कोबा दोन्ही नव्याने करायची वेळ आली असेल तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची चायना मोझॅक सर्वांत टिकाऊ. सोलापूरच्या धुळीने मात्र प्रत्येक पांढरे छत महिनाभरात मातकट होते. आठवड्यातून एकदा झाडू मारला नाही तर निम्मा फायदा गेला.

चुन्याबद्दल एक गोष्ट नेत्ररोग विभागात काम केलेला कोणीही कळवळून सांगेल. चुना डोळ्यात उडाला तर तो बुबुळ जाळतो, आणि ॲसिडपेक्षा खोल जाळतो. कळीचा चुना भिजवताना उकळतो आणि उडतो, तेव्हा पोरांना लांब ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. उडालाच तर तूप, दूध, गुलाबपाणी काही न घालता नळाखाली डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवायचा आणि मग रुग्णालय गाठायचे. धुण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. न धुता रिक्षात घालवलेली वीस मिनिटे मात्र दृष्टी घेऊन जातात.

लोखंडी पत्र्यालाही पांढरा रंग चालतो. त्याच्या खाली हातभर जागा सोडून बारदान, जुन्या चादरी किंवा बांबूच्या तट्ट्या ताणल्या आणि दोन्ही टोकांना हवा खेळू दिली तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. थर्माकोलचे छत मात्र चुलीच्या किंवा देवाच्या दिव्याच्या वर नको. ते पेटते आणि त्याचा धूर जीव घेतो. सिमेंटच्या पत्र्याची गोष्ट वेगळी. त्यात बहुतेकदा ॲसबेस्टॉसचे तंतू असतात. जुना, शेवाळलेला असा पत्रा तारेच्या ब्रशने कोरडाच घासला तर हे तंतू हवेत उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी त्याचा हिशेब मागतात. असा पत्रा आधी भरपूर भिजवावा, मऊ झाडूने धुवावा आणि वर रंग द्यावा. रंगाने तंतू दबूनही राहतात. त्यावर उभे मात्र राहू नये. सिमेंटच्या पत्र्यातून आरपार खाली पडून मणका मोडलेली माणसे दर वर्षी रुग्णालयांत येतात.

संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारायची पद्धत घरोघरी आहे. शास्त्र म्हणून ती बरोबर आहे. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे दोनतृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. पण ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि उजनीच्या पातळीची बातमी रोज पहिल्या पानावर असते, तिथे गच्चीवर घागरी ओतायला कुणाला सांगायचे? तेच पाणी टॉवेल भिजवून म्हाताऱ्याच्या अंगावर ठेवायला वापरले तर कितीतरी पट कामी येते. कूलरलाही पाणी लागते आणि खिडकी उघडी लागते. दार-खिडक्या बंद करून लावलेला कूलर थोड्याच वेळात खोली दमट करतो आणि मग घाम वाळेनासा होतो. पंख्याचीही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग निववण्याऐवजी तापवू शकतो. ओला पंचा अंगावर असेल तर गोष्ट निराळी.

पांढऱ्या छताची मर्यादाही सांगायला हवी. तीन मजली इमारतीत त्याचा लाभ वरच्या मजल्याला होतो, खालच्यांना नाही. पश्चिमेची उघडी भिंत तापत असेल तर तिचा उपाय वेगळा, सावली करायची. आणि घर भाड्याचे असेल तर चुन्याचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न डॉक्टरांच्या हातातला नाही.

तो प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर कुंभारीच्या माळावर उभा आहे. तिथे आधीच गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे. आता त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर उभे राहत आहे. त्यातली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते लाभार्थ्यांना देण्यात आली. झोपडीतून पक्क्या घरात जाणे ही आरोग्याच्या दृष्टीने फार मोठी झेप आहे. गळती नाही, सांडपाणी दारात नाही, साप-विंचू नाहीत. पण मोकळ्या माळावर, झाडाची सावली नसलेल्या जागी, सगळ्यात वरच्या मजल्यावर ज्यांना घर मिळाले त्यांच्या डोक्यावर उघडा स्लॅब आहे, आणि गच्ची सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. सोसायटीच्या देखभालीच्या खर्चात वर्षाकाठी चुन्याचा एक हात धरला तर माणशी फार मोठी रक्कम येणार नाही. तिथे विड्या वळणारी बाई आणि तिचे दमेकरी सासरे दोघेही त्याच खोलीत उन्हाळा काढत असतात.

घरात कुणी वृद्ध किंवा जुनाट आजारी असेल तर छत पांढरे झाले तरी काही गोष्टी पाहाव्या लागतात. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचे पाणी लवकर कमी होते. मानसिक आजारांवरची काही औषधे घाम रोखतात. या गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून उन्हाळ्यापुरते प्रमाण ठरवून घ्यायचे. फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिनची बाटली पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नये. प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या मातीच्या भांड्यात ठेवली तर बरीच गार राहते. दुपारी लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. पन्हे, ताक, मीठ-साखरेचे पाणी, जे पोटाला मानवेल ते द्यावे. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या रुग्णाला पाणी मोजून सांगितलेले असेल तर आधी विचारावे. खिशातल्या कांद्याने काही होत नाही. जेवणात खाल्ला तर निदान चव येते.

आणि संध्याकाळी कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग भाजत असेल, तर १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत थांबून राहायचे नाही. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचे, पंखा लावायचा, बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही, ते फुप्फुसात जाते.

छत पांढरे केल्याने आपल्या घरात खरेच काही फरक पडतो का, हे ज्याचे त्याला तपासता येते. भिंतीवर टांगायचा साधा तापमापक औषधांच्या किंवा शालेय साहित्याच्या दुकानात मिळतो. तो खाटेच्या उंचीवर, उन्हापासून आणि चुलीपासून लांब लावावा. चुना मारण्याआधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर, रोज रात्री नऊ वाजता आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवावा. शेजारच्या, चुना न मारलेल्या घरातही एक लावता आला तर आणखी चांगले.